विल आइस्नर, ड्रॉप्सी अव्हेन्यू आणि आपल्या पाडायला निघालेल्या इमारती

नौपाडावासी

विल आइस्नर या अमेरिकन चित्रकथाकाराचं नाव निघालं की कॉमिक्सवाल्यांना आधी त्याचा गुप्तहेर नायक ‘द स्पिरिट’ आठवतो, नाहीतर त्याच्या नावाने १९८८ पासून दिला जाणारा पुरस्कार. माझ्या लेखी तो आधी इमारतींचा लेखक आहे. भाडेकरू, जिने, दोरीवर वाळत घातलेले कपडे, समोरच्या खिडकीतून दिसणारं दुसऱ्याचं भांडण, यांच्यावर इतक्या मायेने आणि तरीही इतकं काहीही न लपवता कुणी चित्रांतून लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात सध्या गल्लीगणिक एखादी सोसायटी पुनर्विकासासाठी रिकामी होतेय. आमचीही होणार आहे, करार सह्यांपर्यंत आलाय. बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस निधी किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग एक की दोन, ओसी (नव्या घरात राहायला जाण्याचा दाखला) कधी, एवढंच सगळीकडे ऐकू येतं. या दिवसांत आइस्नर पुन्हा वाचायला घेतला आणि त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

थोडी पार्श्वभूमी. जन्म ६ मार्च १९१७, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. घर स्थलांतरित ज्यूंचं आणि ओढगस्तीचं. वडील नाटकांचे पडदे रंगवणारे. विलने लहानपणी वॉल स्ट्रीटवर उभं राहून वर्तमानपत्रं विकली. १९३६ मध्ये जेरी आयगरबरोबर त्याने कॉमिक्सचा स्टुडिओ काढला. २ जून १९४० पासून रविवारच्या वर्तमानपत्रांसोबत सोळा पानी पुरवणी सुरू झाली. त्यातली पहिली सात पानं ‘द स्पिरिट’ची. ऐन भरात ती वीस वर्तमानपत्रांमधून पन्नास लाख घरांत जात होती. नायक डेनी कोल्ट, मेला असं सगळे समजतात असा गुप्तहेर, राहायला कब्रस्तानात. डोळ्यांवर मास्क आहे, पण तो वर्तमानपत्रवाल्यांच्या आग्रहाखातर. अंगात शक्ती वगैरे काही नाही, मार भरपूर खातो. १९५२ मध्ये मालिका थांबली.

एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘स्पिरिट’चे हक्क त्याने स्वतःकडे राखले. त्या काळात हे जवळपास अशक्य होतं. सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले आणि नंतर जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आइस्नर पंचविशीही न गाठलेला मुलगा होता, पण कागद नीट वाचणारा होता. पुढे हवं तेव्हा हवं ते करायची मोकळीक त्याला मिळाली त्यात या एका सहीचा मोठा वाटा आहे. चित्रकार मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता मूळ मुद्दा. १९७८ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ काढलं. ब्राँक्समधल्या ड्रॉप्सी अव्हेन्यू नावाच्या कल्पित रस्त्यावरची ५५ नंबरची इमारत आणि तिच्यातल्या चार गोष्टी. मुखपृष्ठावर ‘ग्राफिक नॉव्हेल’ असं छापलेलं होतं. हा शब्दप्रयोग त्याचा पहिला नव्हे, १९६४ मध्येच रिचर्ड काइल या समीक्षकाने तो वापरला होता. पण पुस्तकांच्या दुकानात तो रुजला तो इथून.

पहिली गोष्ट फ्रिमे हर्शची. रशियातला अनाथ, सत्शील मुलगा. ज्यूंच्या कत्तली सुरू असताना गावातले वडीलधारे एकट्या त्याला वाचवून अमेरिकेला पाठवतात. जाण्याआधी तो एका छोट्या दगडावर देवाशी करार लिहितो, की मी चांगलं वागेन, तू माझ्याकडे लक्ष ठेव. न्यूयॉर्कला त्याच्या दारात कुणीतरी तान्ही मुलगी सोडून जातं. तो तिला राशेल नाव देऊन वाढवतो. ती तरुणपणीच आजारी पडून जाते. हर्श दगड उचलतो, देवाला जाब विचारतो, मी कराराचं एकही कलम मोडलं नाही, मग तू कसं मोडलंस? दगडावर थुंकतो आणि तो खिडकीबाहेर भिरकावतो. दाढी काढतो. आणि मग काय करतो? ज्या इमारतीत भाड्याने राहत होता तीच विकत घेतो, आणि भाडेकरूंची गय न करणारा मालक होतो.

देवावर रागावलेला माणूस घरमालक होतो. आपल्याकडे अशा माणसाने संन्यास घेतला असता किंवा दारूला लागला असता, निदान कथेत तरी. आइस्नरला माहीत होतं की ज्या शहरात छप्पर हीच सगळ्यात मोठी चिंता आहे, तिथे देवाच्या जागी बसायचं तर सातबाऱ्यावर नाव लागलं पाहिजे. शेवट सांगत नाही. दगड पुन्हा सापडतो, आणि कुणाला सापडतो ते वाचाच.

आइस्नरची मुलगी अ‍ॅलिस १९७० मध्ये ल्युकेमियाने गेली. सोळा वर्षांची होती. कित्येक वर्षं त्याने हे कुठे बोलून दाखवलं नाही. हर्शचा संताप आपला स्वतःचा होता हे त्याने आयुष्याच्या शेवटाकडे, या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या निमित्ताने लिहिलं. हे कळल्यावर मी ती पानं परत उघडली. मुलीला पुरून हर्श पावसातून घरी परततो तो भाग. पाठीचा बाक, अंगाला चिकटलेला कोट, ओघळणारी टोपी. जिन्यावर ओल्या पायांचं पाणी. पाऊस इतका जाड की रस्त्यावरचं बाकी काही दिसतच नाही. पुस्तक तपकिरी शाईत छापलेलं आहे, त्यामुळे तो पाऊस जुन्या फोटोतून पडत असल्यासारखा दिसतो. ठाण्यात जुलै काढलेल्या माणसाला तो पाऊस समजावून सांगावा लागत नाही.

बाकीच्या तीन गोष्टींपैकी मला ‘द स्ट्रीट सिंगर’ आवडते, दोन इमारतींमधल्या बोळात उभं राहून गाणारा माणूस आणि वरून पडणारी नाणी. ‘द सुपर’ वाचून अंगावर काटा येतो. ‘कुकलेन’ मला जरा पसरट वाटली.

या रस्त्यावरचं तिसरं पुस्तक ‘ड्रॉप्सी अव्हेन्यू’, १९९५ चं. एकाच रस्त्याची शंभराहून अधिक वर्षं. सुरुवात १८७० मधल्या डच शेतकऱ्यांपासून. मग इंग्रज, आयरिश, जर्मन, इटालियन, ज्यू, पोर्तो रिकन, कृष्णवर्णीय. बंगले जाऊन चाळवजा इमारती येतात, त्या जळतात, पडतात, पुन्हा काहीतरी उभं राहतं. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ठाणं होतं. चेंदणीचा कोळीवाडा, १८५३ ची रेल्वे, फाळणीनंतर कोपरीत आलेले सिंधी, वागळे इस्टेटमुळे घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार, मग गिरगाव-दादर परवडेना म्हणून आलेले आमच्यासारखे, आता घोडबंदरचे टॉवर. हे सगळं एका पुस्तकात, एकाच गल्लीच्या कोपऱ्यावरून, चित्रांत दाखवता येतं हे त्याने करून दाखवलंय. आपल्याकडे कुणी का करू नये?

वाचलेल्यांनी लिहा, न वाचलेल्यांनी विचारा.

सदाफुली

वाचनखूण साठवली आहे. कराराचा दगड आणि घरमालक, हे डोक्यातून जात नाहीये.

रेषाशाई

नौपाडावासी, उत्तम धागा. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे हाताच्या कामाबद्दल थोडी भर घालते.

‘कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’मध्ये बघा, पट्टीने आखलेल्या चौकटी जवळजवळ नाहीतच. दाराची चौकट हीच चित्राची चौकट. खिडकी हीच चौकट. कधी पानाची कोरी जागाच सीमारेषेचं काम करते. हर्श देवाशी भांडतो तेव्हा खोलीच्या भिंतीसुद्धा नाहीशा होतात, उरतो माणूस, काळोख आणि बाहेरची वीज. वेगाने वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, परिणाम मात्र होतो. मुलांना मी सांगते की चौकट आखायच्या आधी विचारा, हा माणूस कशात अडकलाय?

पावसाबद्दल एक गंमतशीर आणि खरी गोष्ट. आइस्नर इतका मुसळधार पाऊस काढायचा की हार्वे कर्ट्झमन या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्सकाराने त्या शैलीला ‘आयझनश्प्रिट्झ’ असं नावच ठेवलं. एकाच पानात तो कपड्यावरचं पाणी वेगळ्या फटकाऱ्याने, कठड्यावरून गळणारं वेगळ्या आणि रस्त्यावर फुटणारा थेंब तिसऱ्याच फटकाऱ्याने काढतो. ब्रशला शाई कमी घेऊन कोरडा ओढला की धुकट कडा येते, ती कोटाच्या पाठीवर दिसते.

आणि ‘स्पिरिट’ला दोन ओळींत उरकलंत ते मला पटलं नाही. ५ सप्टेंबर १९४८ ची गेरहार्ड श्नॉबलची गोष्ट वाचली नसेल तर वाचा. सात पानं. एका साध्या माणसाला लहानपणी कळतं की आपल्याला उडता येतं. आईवडील दटावतात, तो विसरून जातो. पस्तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करतो आणि एका चोरीनंतर त्याला काढून टाकतात. मग त्याला आठवतं. गच्चीवर जातो, उडी मारतो आणि खरोखर उडतो. त्याच वेळी त्याच गच्चीवर स्पिरिट आणि चोरांची झटापट चाललेली असते. एक भरकटलेली गोळी श्नॉबलला लागते. तो उडाला हे कुणीच पाहिलेलं नसतं. नायकाच्या मालिकेत नायकाला कोपऱ्यात ढकलून एका साध्या जीवाला सगळी पानं देणं, हे १९४८ मध्ये! ड्रॉप्सीची भाडेकरू माणसं तिथूनच यायला लागली होती, तीस वर्षं आधी.

पहिल्या पानावर ‘स्पिरिट’ हे नाव कधी इमारतीच्या भिंतींतून, कधी उडणाऱ्या कागदांतून, कधी गटाराच्या पाण्यात उमटलेलं असतं. दर आठवड्याला नवं. वर्गात हे एक पान दाखवलं की तास कसा संपतो कळत नाही.

वागळे१६

मी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त. कॉमिक्सचा माझा संबंध मुलांपुरता. पण या आइस्नरचं एक काम मला माहीत आहे आणि ते इथे आलंच पाहिजे.

१९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. तिथे त्याने वाहनांच्या देखभालीवर चित्रकथा काढायला घेतल्या. जो डोप नावाचा गबाळा सैनिक, जो प्रत्येक यंत्राची वाट लावतो. पुढे १९५१ पासून अमेरिकन लष्कराचं ‘पीएस’ नावाचं मासिक निघालं, त्याचं चित्रांचं काम जवळपास वीस वर्षं आइस्नरकडे होतं. पीएस म्हणजे ताजा कलम, जाडजूड अधिकृत पुस्तिकांना जोडलेला. त्यात कॉनी रॉड नावाची बाई सैनिकांना समजावून सांगते. गाळणी कधी साफ करायची, नट किती आवळायचा, ग्रीस कुठे घालायचं आणि कुठे अजिबात नाही. १९६८ मध्ये एम-सोळा रायफलची देखभाल सांगणारी पुस्तिका त्यानेच चितारली. ती रायफल व्हिएतनाममध्ये जाम होत होती आणि माणसं मरत होती, म्हणून ती सैनिकाच्या हातात समजेल अशी जाणं गरजेचं होतं.

हे मला इतकं का भिडलं ते सांगतो. आमच्या कारखान्यात मशीनची पुस्तकं इंग्रजीत, चारशे पानी, आणि साहेबांच्या कपाटात कुलूपबंद. हेल्परला कुणी काही दाखवायचं नाही. बेअरिंग गरम होतंय हे हाताला कळायचं, पण का होतंय हे कुणी सांगायचं नाही. एका मुलाची दोन बोटं गेली, गार्ड काढून पट्टा चढवताना. त्या मशीनसमोर एक चित्र असतं, चार चौकटींचं, मराठीत आणि हिंदीत, तर ती बोटं वाचली असती असं मला आजही वाटतं. गोष्टींची पुस्तकं मोठीच असतील. पण वीस वर्षं दर महिन्याला माणसाने लोकांचे हात वाचवायला चित्रं काढली, ते काम मला त्याहून कमी वाटत नाही.

नौपाडावासी

वागळे१६, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी ती वीस वर्षं ‘मधला काळ’ म्हणून सोडून देणार होतो. खरं तर चित्रकथेने शिकवता येतं ही त्याची खात्री तिथेच पक्की झाली. नंतर न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये तो शिकवायचा, आणि त्यातून १९८५ मध्ये ‘कॉमिक्स अँड सीक्वेन्शियल आर्ट’ हे पुस्तक झालं. वेळ कशी दाखवायची, चौकट कशी बोलते, शरीराने अभिनय कसा करायचा, यावर एकेक प्रकरण. लष्करी मासिकात दोन पानांत गिअरबॉक्स समजावणाऱ्या माणसानेच ते लिहावं असं आहे.

रेषाशाई, श्नॉबलबद्दल तक्रार मान्य. त्या गोष्टीत चौकटी दोन इमारतींमधल्या फटीसारख्या उभ्या होत जातात, तेही बघण्यासारखं आहे.

कोपरीकर

माझं माहेर डोंबिवली, सासर कोपरी. घरमालक आणि शेजार दोन्ही सिंधी. ‘ड्रॉप्सी अव्हेन्यू’ मी वाचलंय, मुलाच्या कॉलेजच्या लायब्ररीतून आलं होतं.

नौपाडावासी, तुमच्या लिहिण्यात थोडी जुन्या दिवसांची हळहळ आहे. पुस्तकात ती नाही. उलट त्यात जो आला त्याला आधीच्याने हाकलायचा प्रयत्न केला. डचांना इंग्रज नकोत, इंग्रजांना आयरिश नकोत, आयरिशांना इटालियन नकोत. काल ज्याला शिव्या पडल्या तोच आज नव्याला त्याच शिव्या देतो. शब्दसुद्धा तेच, तोंड बदललेलं. आइस्नर कुणालाही सोडत नाही, ज्यूंनासुद्धा नाही. शेवटाकडे मालक इमारती सोडून जातात, विम्यासाठी आगी लावल्या जातात. दक्षिण ब्राँक्स सत्तरच्या दशकात खरोखर असंच जळत होतं.

आमच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, पन्नासच्या दशकात सिंधी पापड विकत दारोदार यायचे तेव्हा लोक काय बोलायचे. नंतर तेच शेजारी, तीच दुकानं, आमच्या गणपतीला पहिली वर्गणी त्यांची. आणि आता आमच्याच मजल्यावर बाहेरगावच्या मुलांना भाड्याने जागा द्यायची की नाही यावर सोसायटीच्या सभेत जे बोललं जातं, ते ऐकताना मला ड्रॉप्सीची पानं दिसतात. बोलणाऱ्यांत मराठीही असतात आणि सिंधीही. ठाण्यावर कुणी असं पुस्तक काढलंच तर हेही काढावं लागेल. नुसत्या लाकडी जिन्याच्या आठवणी नकोत.

जुना इंद्रजाल

कोपरीकर ताईंना पूर्ण अनुमोदन. त्याच धाग्याला धरून एक अवघड गोष्ट बोलतो.

‘स्पिरिट’मध्ये एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय मुलगा आहे, स्पिरिटचा साथीदार. त्याचे ओठ, डोळे, त्याची भाषा, सगळं त्या काळच्या हिणवणाऱ्या साच्यातलं. मुलगा गोड आहे, धाडसी आहे, कित्येकदा तोच स्पिरिटला वाचवतो. तरी ते चित्र बघवत नाही. आइस्नरवर माझं मनापासून प्रेम आहे म्हणूनच हे सांगायला हवं. तो अनेकदा ‘तेव्हाचा विनोद तसाच होता’ असं म्हणत राहिला. पण २००३ मध्ये डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फेगिन या ज्यू खलपात्राला त्याच्या बाजूची गोष्ट सांगू देणारं ‘फेगिन द ज्यू’ काढलं, तेव्हा प्रस्तावनेत त्याने स्वतःहून एबनीचा विषय काढला. डिकन्सने ज्यू माणसाचा साचा घट्ट केला यावर बोलायचं तर आपणही एक साचा वापरला होता, हे त्याला टाळता आलं नाही.

आम्ही लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) अक्षरशः झपाटून वाचला. १९६४ पासूनचे अंक मोठ्या भावाने बांधून ठेवले होते. खुर्चीवर बसलेला गोरा राजा आणि भोवती बुटके आदिवासी, यात काही खटकतंय असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता नातीला ते अंक देताना मी शेजारी बसतो आणि बोलतो.

आरस्पानी

मला आइस्नर थोडा भडक वाटतो, लिहू का? प्रत्येक माणूस हात वर करून आक्रोश करतो. दुःख झालं की कोसळतो, राग आला की डोळे बाहेर. इतकं कशाला?

नौपाडावासी

आरस्पानी, जरूर लिहा. वडील नाटकांचे पडदे रंगवायचे, ज्यू रंगभूमीचं वातावरण घरातच होतं. त्याची माणसं अभिनय करतात ती गडकरी रंगायतनमध्ये बाल्कनीच्या शेवटच्या रांगेलाही कळावं तशी. चित्रात आवाज नसतो, सूर नसतो. तो सगळा भार खांद्यांवर आणि पंजांवर येतो. आणि तो शांतही होऊ शकतो. ‘न्यूयॉर्क: द बिग सिटी’ काढून बघा. रस्त्यावरची जाळी, दाराबाहेरच्या पायऱ्या, कचऱ्याचे डबे, अशा एकेका वस्तूभोवती दोन-चार पानांचे प्रसंग, कित्येक एका शब्दाशिवाय. पायऱ्यांवर बसलेली माणसं आहेत, ती घंटाळीच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या ओट्यावर संध्याकाळी बसलेली असतात तशीच. शि. द. फडणीसांची शब्दाविना चित्रं बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती पानं लगेच उमगतील.

पेन्शनर

‘इनव्हिजिबल पीपल’चं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. त्यातली पहिली गोष्ट पिंकस प्लेटनिकची. कुणाच्या नजरेत न भरता जगायचं हेच ज्याचं कौशल्य, असा इस्त्रीकाम करणारा एकटा माणूस. एक दिवस वर्तमानपत्रात चुकून त्याची निधनवार्ता छापून येते. मग नोकरीवर दुसरा माणूस, खोलीत दुसरा भाडेकरू. तो सांगतोय मी जिवंत आहे, आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस कागद दाखवतोय.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी. माझ्या एका मित्राच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला लागेना. बोटांच्या रेषा वयाने झिजल्या होत्या. समोर उभा असलेला माणूस हयात आहे हे सिद्ध व्हायला त्याला कितीतरी हेलपाटे पडले. कार्यालयाचं नाव घेत नाही, काउंटरवरची मुलगी बिचारी स्वतःच रडवेली झाली होती. आइस्नरच्या गोष्टीतही कुणी दुष्ट नाही, आणि म्हणूनच ती जास्त लागते.

बेलापूरची खाडी

इथे नवी मुंबईकर कुणी दिसत नाही, म्हणून मी.

आमचं शहर आधी कागदावर आखलं आणि मग उभं केलं. ते वसवणारी सिडको १९७० ची. जुनी इमारत नाही, जुना जिना नाही, मग आमच्यात आइस्नरला काय मिळालं असतं, असा विचार करत धागा वाचत होतो. कोपरीकर ताईंचा प्रतिसाद वाचून थबकलो. ‘ड्रॉप्सी’ची सुरुवात शेतांपासून होते ना? आमचीही तिथूनच होते. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी, आगरी-कोळ्यांची ९५ गावं. त्यांची जमीन घेऊन हे शहर झालं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. आज सेक्टरच्या मधोमध गावठाण आहे, अरुंद गल्ल्या, घराला घर चिकटलेलं, आणि चारही बाजूंनी आखीव रस्ते. त्या सीमेवर उभं राहिलं की एका बाजूला पट्टीने आखलेली चौकट आणि दुसऱ्या बाजूला बिनचौकटीचं चित्र, रेषाशाई म्हणतात तसं.

आणि जुनं नाही म्हणता म्हणता, वाशीतल्या सिडकोच्या जेएन टाइप इमारतींचे स्लॅब किती वर्षं पडताहेत. त्यांचाही पुनर्विकास सुरू झालाच. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी लोकांना घर वाढवता येईल अशी रचना केली होती. लोकांनी इतकं वाढवलं की मूळ घर शोधावं लागतं. ‘ड्रॉप्सी’ला शंभर वर्षं लागली, आमचं पन्नाशीत आटोपतंय.

रेषाशाई

खाडी, तुमचा प्रतिसाद म्हणजे पुस्तकाचा आराखडाच आहे!

आपल्याकडे कुणी का करू नये, या प्रश्नाला थोडं उत्तर आहे. ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये नर्मदेच्या विस्थापनावर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ केलं. २०११ मध्ये ‘भीमायन’ आलं, बाबासाहेबांवरचं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचं. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानांवर दिघणा या गोंड पारंपरिक नक्षीच्या वेटोळ्या रेषा आहेत, रेल्वे सापासारखी आहे, कडू बोलणाऱ्याच्या संवादाच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. आइस्नरने पट्टी बाजूला ठेवली आणि या दोघांनी ती हातातच घेतली नाही. त्याच वर्षी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही आलं. विषय आपल्या मातीतले, पुस्तकं मूळची इंग्रजीत. ठाण्याची गोष्ट मराठीत व्हावी, फुग्यांतली बोली चेंदणीची वेगळी आणि नौपाड्याची वेगळी असावी, असं मला फार वाटतं.

नौपाडावासी

कोपरीकर, तुमचं म्हणणं दोन दिवस मनात घोळतंय. हळहळ माझी आहे, आइस्नरची नाही, हे बरोबर. १९८७ च्या ‘द बिल्डिंग’मध्ये तो पहिल्याच पानांत जुनी इमारत पाडून टाकतो. नवी चकचकीत उभी राहते आणि तिच्या दाराशी चार भुतं येऊन थांबतात. मुलांना वाचवायला धडपडणारा मेन्श, कवीवर प्रेम करून दंतवैद्याशी लग्न केलेली गिल्डा, दारात व्हायोलिन वाजवणारा टोनाटी आणि ती जागा मिळवण्यात आयुष्य घालवलेला बिल्डर हॅमंड. बिल्डरलाही त्याने भूत केलंय आणि त्याच्याही आयुष्याची गोष्ट तितक्याच आस्थेने सांगितली आहे. आमच्या सोसायटीच्या सभांमध्ये बिल्डर म्हणजे एक तर देवदूत किंवा दरोडेखोर. हॅमंड वाचल्यापासून मला समोरच्या माणसाशी नीट बोलता येतं.

आणि एक ठरवलंय. ताबा देण्याआधी इमारतीतल्या प्रत्येक घराच्या माणसांशी बोलून लिहून काढायचं. कोण कधी आलं, कुठून, पागडी किती दिली, कुणाशी का भांडण. भांडणंसुद्धा, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. रेषाशाई, तुम्ही किंवा तुमचे विद्यार्थी येऊन जिना, पाण्याच्या टाकीखालची मोरी, मीटरची खोली एवढं तरी चितारून द्याल का? खर्च मी करतो.

रेषाशाई

नक्की येऊ. दहावीच्या दोन मुली उत्तम रेखाटन करतात, पालकांना विचारून घेऊन येते. फोटोही काढून ठेवा, पण आधी चित्र. मापं लागतील: पायरीची उंची, कठड्याच्या गजांमधलं अंतर, मीटरच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं. सकाळी दहाच्या आत यावं लागेल, जिन्यावर ऊन तेव्हाच येत असणार.

सदाफुली

मला सुरुवात कुठून करू ते सांगा. एकदम सगळं नको.

नौपाडावासी

आधी ‘कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’. ते, ‘अ लाइफ फोर्स’ आणि ‘ड्रॉप्सी अव्हेन्यू’ एकत्र बांधलेली आवृत्तीही आहे, ती मिळाली तर उत्तम. मग ‘द बिल्डिंग’, दीड तासात होतं. मग ‘स्पिरिट’मधले निवडक, त्यात श्नॉबल आणि ११ सप्टेंबर १९४९ चं ‘टेन मिनिट्स’ हवंच. वाचायला दहा मिनिटं लागतात आणि गोष्टीतही तेवढीच जातात. स्वतःच्या घराबद्दल त्याने लिहिलेलं ‘टू द हार्ट ऑफ द स्टॉर्म’ त्यानंतर. ‘द प्लॉट’ सगळ्यात शेवटी ठेवा. ज्यूंविरुद्ध रचलेल्या एका बनावट कागदपत्राची ती हकिगत आहे, कित्येक पानांवर मूळ मजकूर आणि चोरलेला मजकूर समोरासमोर मांडलेला, त्यामुळे सावकाश वाचावी लागते. जानेवारी २००५ मध्ये आइस्नर गेला तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं, छापून आलं त्याच वर्षी, तो गेल्यानंतर. माझ्याकडची प्रत आठवडाभरासाठी देऊ शकतो, नौपाड्यात येणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा.